ऑफिसातला कॉम्प्युटर, हातातला मोबाइल

ज्यांच्या विहिरीवर किंवा बोअरवर मोबाइल स्टार्टर बसवलेला आहे, त्यांना आजचा विषय निम्मा आधीच माहीत आहे. पूर्वी रात्री अकराला लाईट आली की कुणीतरी बॅटरी घेऊन रानात जायचं. सापाची भीती, आता बिबट्याची भीती. मग ते सिमकार्ड घातलेलं खोकं आलं. घरातून फोन लावायचा, पलीकडून आवाज येतो, सांगितलेला आकडा दाबायचा, की मोटार चालू. मोटार रानातच, पाणी रानातच, नुसता हुकूम घरातून गेला. कॉम्प्युटरचंही तसंच करता येतं. ऑफिसातला कॉम्प्युटर ऑफिसातच राहतो आणि तुम्ही गावात, ओट्यावर बसून मोबाइलमधून तो चालवता.

गेल्या दोन महिन्यांत गटांच्या सभांना गेलो की हा प्रश्न हमखास निघतो. कुणी विचारतं, हे आपल्याला करता येईल का? कुणी विचारतं, हे केलं तर आपल्या वह्या चोरीला जाणार नाहीत ना? आणि एक तिसरा प्रश्न हळू आवाजात येतो: "ताई, एकानं फोनवर ॲप घ्यायला लावलं होतं, ते हेच का?" तिन्ही प्रश्न एकाच यंत्राचे आहेत, म्हणून आज तिन्हींवर बोलतो.

आधी हे चालतं कसं ते समजून घेऊ, कारण ते कळलं की पुढची भीतीही योग्य जागी बसते. पुष्कळ जणींना वाटतं की कॉम्प्युटरमधल्या फाइली मोबाइलमध्ये उतरतात. तसं होत नाही. कॉम्प्युटरच्या पडद्यावर जे दिसतंय त्याचं चित्र इंटरनेटवरून मोबाइलवर येतं. तुम्ही बोट लावलं की "इथं दाबलं" एवढा निरोप उलट जातो. तिकडचा कॉम्प्युटर त्याला खरा माऊस समजून काम करतो, पडदा बदलतो, आणि बदललेलं चित्र परत येतं. दर वेळी सगळा पडदा पाठवत बसला तर नेट पुरणार नाही, म्हणून जेवढा भाग बदलला तेवढाच पाठवतात. हिशोबाच्या तक्त्यात एक आकडा बदलला तर त्या चौकटीपुरतंच चित्र येतं. म्हणून हिशोबाचं काम साध्या नेटवरही होतं, आणि तिकडं व्हिडिओ लावला तर इकडं सगळं अडखळतं. स्वयंपाक ऑफिसच्या चुलीवर, आपण खिडकीतून बघून सांगतोय, आता झाकण काढ, आता मीठ टाक. पातेलं आपल्या घरी येत नाही.

ही युक्ती काल-परवाची नाही. इंग्लंडातल्या केंब्रिज गावातल्या एका संशोधन प्रयोगशाळेत १९९० नंतरच्या दशकात यावर काम झालं, त्याला व्हीएनसी म्हणतात, आणि १९९८ मध्ये त्या मंडळींनी त्यावर शोधनिबंध छापला. आपलं कामाचं टेबल जिथं जाऊ तिथं दिसावं, यंत्र मात्र एका जागी राहावं, अशी ती कल्पना. नंतर मायक्रोसॉफ्टनं विंडोजमध्येच तशी सोय दिली. जर्मनीतून टीमव्ह्यूअर आणि एनीडेस्क ही नावं आली. २०११ मध्ये गूगलनं क्रोम रिमोट डेस्कटॉप काढलं आणि २०१४ मध्ये ते अँड्रॉइड मोबाइलवर आणलं. मोठ्या कंपन्यांचे कॉम्प्युटर दुरुस्त करणारे लोक वर्षानुवर्षं हेच वापरतात. शहरातला इंजिनिअर जागेवरून उठत नाही आणि दुसऱ्या जिल्ह्यातल्या शाखेचा कॉम्प्युटर नीट करतो.

आता आपल्याकडचं. आमच्या प्रभागसंघाचं ऑफिस तालुक्याला, बाजारपेठेत, वरच्या मजल्यावरची एक खोली. तिथं एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि कपाटभर वह्या. गावं आजूबाजूला पसरलेली. दुपारी बँकेतून फोन येतो की अमुक गटाच्या सभासदांची यादी आणि मागच्या सहा महिन्यांचा परतफेडीचा तक्ता आजच पाठवा, नाहीतर सीसी कर्जाची फाइल पुढच्या महिन्यावर जाईल. आमची लेखापाल ताई त्या वेळी शेवटच्या गावात सभेला बसलेली. एसटी साडेचारला, ऑफिसात पोचेपर्यंत बँक बंद. एका महिन्याचा उशीर म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. पेरणीच्या तोंडावर पैसा आला तर बी-बियाणं, आणि पेरणीनंतर आला तर नुसतं व्याज.

त्यातून त्याच ताईचे दिवस भरत आले. सातव्या महिन्यानंतर डॉक्टरांनी प्रवास बंद करायला सांगितला. पद्धत अशी की बाई बाळंतपणाला गेली की काम सुटतं, आणि परत येईपर्यंत त्या खुर्चीवर दुसरं कुणी बसलेलं असतं. तिला काम सोडायचं नव्हतं. संघालाही तिला सोडायचं नव्हतं, कारण पन्नासाहून जास्त गटांचे हिशोब तिच्या डोक्यात आहेत. तेव्हा ऑफिसातल्या कॉम्प्युटरला मोबाइल जोडायचा असं ठरलं. शेवटचे दोन महिने ती घरून, पाय वर घेऊन, दिवसाचा तासभर काम करायची. बाळंतपणाच्या रजेत मात्र तिला फोन करायचा नाही असंही संघानं ठरवलं, आणि ते पाळलं. हे मुद्दाम सांगतो. घरून काम करता येतं म्हटलं की ओल्या बाळंतिणीलाही काम सांगणारे निघतात. सोय तिच्यासाठी होती, तिच्या मागे लागण्यासाठी नव्हती.

बसवायचं कसं? आम्ही क्रोम रिमोट डेस्कटॉप घेतलं, कारण ते फुकट आहे आणि विंडोज कोणतं आहे यावर अडत नाही. विंडोजची स्वतःची सोय चांगली आहे, पण 'होम' नावाच्या विंडोजवर बाहेरून आत घेता येत नाही, त्याला 'प्रो' लागतं, आणि आपल्याकडच्या बहुतेक कॉम्प्युटरवर होमच असतं. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर क्रोम उघडायचं, संघाच्या गूगल खात्यानं आत जायचं, रिमोटडेस्कटॉप डॉट गूगल डॉट कॉम हा पत्ता टाकायचा आणि तिथं सांगेल ते एकदा बसवून घ्यायचं. मग तो कॉम्प्युटरला नाव द्यायला सांगतो. त्यानंतर पिन मागतो, कमीत कमी सहा आकडी. मोबाइलवर त्याच खात्यानं गेलं की त्या नावाचा कॉम्प्युटर दिसतो, त्यावर बोट ठेवायचं, पिन टाकायचा, की ऑफिसचा पडदा हातात. पिन म्हणून एक ते सहा ओळीनं टाकू नका, संघाच्या नोंदणीची तारीखही नको, ती तर आपल्या बोर्डावरच लिहिलेली असते.

पहिल्या दिवशी पडदा इतका बारीक दिसतो की डोळे दुखतात. दोन बोटांनी ताणून मोठा करायचा. एका बोटानं टिचकी म्हणजे माऊसचं डावं बटण, दोन बोटांनी एकदम टिचकी म्हणजे उजवं. दोन बोटं वर-खाली सरकवली की पान सरकतं. मोबाइल आडवा धरला तर बरं पडतं. तास-दीड तासात हात बसतो. आमच्या एका सीआरपी ताईंचा तर अर्ध्या तासात बसला. त्या रोज रात्री मुलाच्या मोबाइलवर पत्त्यांचा खेळ खेळतात, तो सराव कामी आला.

मराठी टाइप करायला मात्र त्रास होतो. मोबाइलचा मराठी कीबोर्ड आणि तिकडच्या कॉम्प्युटरची मराठी यांचं प्रत्येक वेळी जमतंच असं नाही, अक्षरं कधी उमटतात, कधी नाही. म्हणून ठरावाचं लिखाण आम्ही या वाटेनं करत नाही. आकडे भरणं, फाइल शोधणं, ती मेलनं पाठवणं, तयार पत्र छापायला देणं, एवढंच. छापायला दिलेलं पान ऑफिसच्या प्रिंटरमधून बाहेर पडतं, हे विसरू नका. आमच्या ऑफिसात झाडलोट करायला येणाऱ्या मावशी एकदा आत आल्या तर खुर्ची रिकामी, पडद्यावर बाण आपोआप फिरतोय आणि प्रिंटर कागद ओकतोय. मावशी जिन्यावरून खाली. आता दाराशी पाटी लावली आहे: "कॉम्प्युटर बाहेरून चालू आहे, घाबरू नये."

मोठी अडचण आहे लाईटची. कॉम्प्युटर बंद असेल तर मोबाइलमधून काही होत नाही, आणि तो झोपलेला असला तरी होत नाही. काही वेळ हात लावला नाही की कॉम्प्युटर आपोआप झोपतो, ती सवय सेटिंगमध्ये जाऊन बंद करावी लागते. पडदा बंद झाला तर चालतो, आतलं यंत्र जागं हवं. लाईट जाऊन आल्यावर कॉम्प्युटर आपोआप सुरू व्हावा अशीही एक सेटिंग पुष्कळ कॉम्प्युटरच्या अगदी आत असते, ती दुकानदाराकडून करून घ्यावी. वायफायचा डबाही यूपीएसवर जोडायचा, नाहीतर कॉम्प्युटर चालू आणि नेट बंद अशी गंमत होते. रोज चोवीस तास चालू ठेवायला आमचा विरोध आहे. विजेचं बिल संघाचं, म्हणजे तुमचंच. ज्या दिवशी बाहेरून काम आहे त्या दिवशी सकाळी मावशी बटण दाबतात आणि संध्याकाळी बंद करतात.

एवढं झाल्यावर मासिक सभेत हा विषय ठेवला, आणि खरी चर्चा तिथं झाली. एका ग्रामसंघाच्या अध्यक्ष काकू, वय पासष्टच्या पुढं, सहीपुरतं शिकलेल्या. त्यांनी विचारलं, "म्हणजे तुम्ही घरी बसून आमच्या हिशोबाला हात लावणार, आणि आम्हाला कळणारबी नाही?" सभेत कुजबूज झाली. आम्हाला वाटतं, त्या दिवशीचा सगळ्यात शहाणा प्रश्न तोच होता. वही ऑफिसात असते तेव्हा ती कोण उघडतंय ते चार जणींना दिसतं. कॉम्प्युटरची किल्ली कुणाच्या मोबाइलमध्ये गेली तर ते दिसत नाही. त्या कॉम्प्युटरमध्ये फक्त हिशोब नाहीत. सभासदांचे आधार नंबर आहेत, पासबुकाच्या प्रती आहेत, कुणावर किती कर्ज थकलंय ते आहे. थकबाकीची गोष्ट गावात फुटली तर बाईचं नाक कापलं जातं.

त्या प्रश्नावरून काही गोष्टी ठरावात आल्या. खातं संघाच्या नावाचं असेल, समन्वयक किंवा लेखापालच्या घरचं नाही. हे फार महत्त्वाचं, कारण ज्याच्या खात्यानं जोडलं त्याचा तो कॉम्प्युटर. नवऱ्याच्या किंवा मुलाच्या जीमेलवरून जोडून दिलेलं असेल तर किल्ली त्यांच्याकडे गेली, मग मनात कितीही चांगलं असो. खात्याला दुहेरी पडताळणी लावायची, म्हणजे पासवर्ड टाकल्यावर आणखी एक परवानगी लागते, आणि त्यासाठी दिलेला नंबर ऑफिसच्या फोनचा. पिन दोघींनाच माहीत, लेखापाल आणि सचिव. ज्या मोबाइलवर जोडलंय त्याला स्वतःचं कुलूप हवं, आणि तो मोबाइल घरातली पोरं खेळायला घेत असतील तर तो या कामाचा नाही. बँकेचा कोणताही व्यवहार या वाटेनं करायचा नाही. पैसे काढायला नेहमीच्या सह्याच लागतील.

आणि एक वही घातली. साधी, दोनशे पानी. कुणी, कोणत्या तारखेला, किती वाजता बाहेरून कॉम्प्युटर उघडला आणि कशासाठी. बाहेरून जोडलं की ऑफिसच्या पडद्यावर तशी सूचना दिसते आणि ते थांबवायचं बटणही तिथंच असतं. ऑफिसात जी कुणी हजर असेल तिनं ती वेळ वहीत टाकायची, आणि महिन्याच्या सभेत दोन्ही बाजूंच्या नोंदी जुळवायच्या. त्या काकूच ती वही वाचून घेतात. त्यांना वाचता येत नाही, नात वाचून दाखवते, पण एकदा दुपारची एक नोंद राहिली होती ती त्यांच्याच लक्षात आली, कारण त्या दिवशी त्या स्वतः ऑफिसात होत्या.

आता तो हळू आवाजातला प्रश्न. त्यावर जरा जास्त वेळ घेतो.

इथपर्यंत आपण बोललो ते आपल्या मोबाइलमधून आपला कॉम्प्युटर चालवण्याबद्दल. हेच यंत्र उलटंही वापरता येतं. कुणी परका त्याच्या कॉम्प्युटरवर बसून आपला मोबाइल पाहू शकतो, आणि आपण परवानगी दिली तर चालवूही शकतो. २०१९ च्या फेब्रुवारीत रिझर्व्ह बँकेनं बँकांना याच प्रकाराबद्दल सावध केलं होतं. फसवणारे लोक एनीडेस्क ॲप घ्यायला लावून यूपीआयमधून पैसे काढत होते. ॲप स्वतः खोटं नसतं, ते कंपन्यांमध्ये रोज वापरलं जातं. विळ्यानं भाजीही चिरतात. पण ॲप खरं आहे, प्ले स्टोअरवर आहे, म्हणूनच फसवणाऱ्याचं काम सोपं होतं. "बघा ताई, मी कुठली लिंक पाठवतोय का? तुम्हीच प्ले स्टोअरवरून घ्या," असं तो म्हणतो आणि आपला विश्वास बसतो.

आमच्या एका गटातल्या ताईंचं सांगतो. त्यांनी स्वतः सांगायला सांगितलं आहे, नाव न घेता. शिलाई मशीनसाठी गटातून कर्ज काढलं होतं, ते खात्यात जमा होतं. त्यांचं एक पार्सल अडकलं म्हणून त्यांनी नेटवर कंपनीचा नंबर शोधला. पहिला दिसला तो लावला. तो नंबर कंपनीचा नव्हता. कुणीही स्वतःचा नंबर कंपनीच्या नावानं नेटवर टाकून ठेवू शकतो. पलीकडचा माणूस गोड, शुद्ध मराठीत बोलला. पार्सल सोडवायला पाच रुपये भरा म्हणाला. तेवढ्यासाठी एक ॲप घ्या, मी तुम्हाला पायरी पायरीनं दाखवतो. ॲप उघडल्यावर जो नऊ-दहा आकडी नंबर दिसतो तो वाचून दाखवा. ताईंनी वाचला. मोबाइलनं विचारलं, परवानगी द्यायची का? तो म्हणाला, हो म्हणा. झालं.

त्या क्षणापासून ताईंच्या मोबाइलचा पडदा त्याच्यासमोर होता. पाच रुपये भरताना त्यांनी कार्डाचा नंबर टाकला, तो त्यानं पाहिला. ओटीपीचा मेसेज आला, तो वर पट्टीत दिसला, तोही त्यानं पाहिला. त्यानं ओटीपी विचारलाच नाही. ताई पुढं रडत रडत हेच म्हणत होत्या, "मी ओटीपी कुणालाच सांगितला नाही हो." खरंच सांगितला नव्हता. आपण सगळीकडे "ओटीपी सांगू नका" एवढंच शिकवतो, आणि इथं सांगण्याची गरजच उरत नाही. नुसता पडदा दिसला तरी पुरतं. आयफोनवर परक्याला बोट चालवता येत नाही, फक्त पाहता येतं, पण पाहण्यानंही एवढं नुकसान होतं. काही बँकांची ॲप असा पडदा दिसत असताना उघडत नाहीत. त्यावर विसंबू नका, मेसेज तर दिसतातच.

अठरा हजार गेले. ताई दोन दिवस कुणाला बोलल्या नाहीत. नवरा काय म्हणेल, गटात काय तोंड दाखवू, मशीनचा हप्ता कुठून भरू. हे दोन दिवस चोराच्या पथ्यावर पडले. पैसा एका खात्यातून दुसऱ्या, तिथून तिसऱ्या असा पळवला जातो, आणि जितकी लवकर तक्रार तितका तो वाटेत अडवता येतो. तिसऱ्या दिवशी त्या गटाच्या सचिवाशी बोलल्या, मग बँकेत गेलो, तक्रार झाली. सहा हजार एका खात्यात अडकलेले सापडले, बाकीचे पुढं गेले होते. गटानं तीन हप्ते पुढं ढकलले, व्याज न लावता. त्या सभेत एकीनंही "तुला कळायला नको का" असं म्हटलं नाही. ते आधी ठरवून घेतलं होतं. कारण तसं एक वाक्य ऐकलं की पुढची बाई दोन दिवस नाही, दोन महिने गप्प बसते.

असं झालं तर काय करायचं ते आता नीट ऐका, आणि शेजारणीलाही सांगा. सगळ्यात आधी मोबाइलचं नेट बंद करा. डेटा आणि वायफाय दोन्ही. ते जमत नसेल तर मोबाइलच बंद करा. नेट तुटलं की त्याचा डोळा मिटला. मग दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला कळवा आणि कार्ड, यूपीआय बंद करायला सांगा. बँकेचा नंबर पासबुकावर किंवा कार्डाच्या मागे असतो तोच, नेटवर शोधलेला नाही. लगेच १९३० ला फोन करा. हा सायबर फसवणुकीचा सरकारी मदत क्रमांक आहे, देशभर चालतो. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावरही तक्रार करता येते. किती वाजता, किती रुपये, मेसेजमधला व्यवहार क्रमांक, एवढं कागदावर लिहून ठेवा, ते विचारतात. ते ॲप काढून टाका, आणि पिन, पासवर्ड बदलायचे तर दुसऱ्या मोबाइलवरून बदला.

पैसे परत मिळतात का, हा पुढचा प्रश्न. रिझर्व्ह बँकेचं २०१७ च्या जुलैमधलं एक परिपत्रक आहे. ग्राहकाची चूक नसेल, बँकेचीही नसेल, तिसऱ्याच कुणी घुसून पैसे काढले असतील, आणि तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही बँकेला कळवलं, तर नुकसान तुमच्यावर पडत नाही. पण ग्राहकानंच पिन, पासवर्ड अशी गुप्त माहिती दुसऱ्याला दिली असं ठरलं, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. पडदा दाखवण्याच्या प्रकारात बँका बहुतेक वेळा दुसरं कलम पुढं करतात. म्हणजे एक एक तास तुमच्या पैशाचा आहे. बँकेत नुसतं तोंडी सांगून घरी येऊ नका, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, तारीख-वेळेसह.

आणखी एक. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे जाणार. अनुदान जमा करतो, परतावा देतो, पिन टाका, असं जो म्हणतो तो चोर.

मग खरी मदत घ्यायचीच नाही का? घ्यायची. पुण्याला नोकरीला असलेला भाचा तिकडून ऑफिसचा कॉम्प्युटर नीट करून देतो, आमच्याकडेही हे होतं. फरक इतकाच बघायचा की फोन कुणी कुणाला केला. तुम्ही ओळखीच्या माणसाला, तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन केला असेल तर ठीक. त्यालाही कायमचा पिन देऊ नका. क्रोम रिमोट डेस्कटॉपमध्ये अशा मदतीसाठी एकदाच चालणारा आकडा तयार होतो, तो फोनवर सांगायचा. जोडणी तुटली की तो आकडा मेला. काम चालू असताना पडद्यासमोर बसून राहा, चहा करायला उठू नका. बँकेची किंवा सभासदांची फाइल उघडी असेल तर आधी बंद करा. मोबाइलच्या बाबतीत आमचं मत याहून कडक आहे. कॉम्प्युटर कुणाला दाखवला तर दाखवा, ज्या मोबाइलमध्ये बँक आहे तो दुरून कुणालाच दाखवू नका. मोबाइल बिघडला तर दुकानात न्या आणि समोर उभ्या राहा.

शेवटी एक काम राहतं, जे सगळ्याच संघांकडून राहून जातं. कुणी काम सोडलं, बदली झाली, मोबाइल हरवला किंवा जुना मोबाइल विकला, की त्याच दिवशी संघाच्या गूगल खात्याचा पासवर्ड आणि कॉम्प्युटरचा पिन दोन्ही बदलायचे. खात्याच्या सुरक्षेच्या पानावर कोणकोणत्या मोबाइलवर ते उघडं आहे त्याची यादी दिसते. ओळखीचा नसेल तो तिथूनच बाहेर काढता येतो. आमची लेखापाल ताई रजेवर गेली तेव्हा तिनं स्वतःच सांगितलं, "माझा पिन बदला, मी नाही म्हणजे किल्लीपण नाही." सचिवांनी तो बदलला आणि वहीत तारीख टाकली. ती परत आली त्या सोमवारी नवा पिन तिच्या हातात दिला. त्याची नोंद पुढच्याच ओळीत आहे.